बालकांचा पात्रापात्रविचार

कायद्याच्या एका व्याख्येचें परीक्षण वाङ्मयीन मासिकांत कशासाठीं, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. त्यास आमचें उत्तर असें कीं, व्याख्या हाहि एक गद्यप्रकारच आहे, आणि तो अत्यंत कठीण गद्यप्रकारांपैकीं आहे. ललितलेखकाचा एखादा शब्द सैल पडला तर रसहानि होते; व्याख्याकाराचा शब्द सैल पडला तर माणसें दाराबाहेर राहतात. ज्या व्याख्येच्या बळावर दीड-दोन वर्षांच्या मुलास मदत मिळते किंवा नाकारली जाते, तिचा शब्द न् शब्द पारखून पाहणें हें टीकेच्या अधिकाराबाहेरचें काम आहे, असें निदान आम्हांस वाटत नाहीं.

आमच्यासमोर जी व्याख्या आहे ती अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील आहे. तेथील १९७५ सालच्या एका कायद्यानें शाळेच्या वयाच्या अपंग मुलांस सरकारी शाळेंत योग्य तें शिक्षण विनामूल्य मिळण्याचा हक्क दिला. १९८६ सालीं त्यास जी दुरुस्ती झाली, तिनें हा विचार थेट पाळण्यापर्यंत मागें नेला. जन्मापासून तीन वर्षांच्या वयापर्यंत ज्या बालकांची वाढ रेंगाळलेली आहे, त्यांस वाचोपचार, भौतिकोपचार, श्रवणपरीक्षा इत्यादि साहाय्य मिळावें, तें शक्यतों त्यांच्या घरींच मिळावें, आणि आईबापांसहि त्यांत सामील करून घ्यावें, अशी ती योजना. १९९७ च्या दुरुस्तीपासून ती ‘भाग सी’ या रुक्ष नांवानें ओळखली जाते. तिकडे या साहाय्यास ‘अर्ली इंटरव्हेन्शन’ म्हणतात. आपल्या सरकारी कागदपत्रांत त्याचा ‘शीघ्र हस्तक्षेप’ असा तर्जुमा रूढ झाला आहे. मराठींत ‘हस्तक्षेप’ या शब्दास ढवळाढवळीचा वास येतो. मूळ कल्पना मात्र वेळेवर पुढें केलेल्या हाताची आहे. ती कल्पना उदात्त आहे, याविषयीं दुमत होण्याचें कारण नाहीं. प्रश्न आहे तो इतकाच कीं, हा हात कोणापुढें करावयाचा?

या प्रश्नाचें उत्तर देतांना कायद्यानें तीन दारें ठेविलीं आहेत. पहिलें दार ‘विकासविलंबा’चें. बुद्धि, शरीर, संभाषण, सामाजिक व भावनिक वर्तन, आणि खाणेंपिणें, कपडे घालणें यांसारख्या गोष्टींतील स्वावलंबन, अशीं वाढीचीं पांच क्षेत्रें कायद्यानें मानलीं आहेत. त्यांपैकीं एका किंवा अधिक क्षेत्रांत योग्य साधनांनीं मोजलेला विलंब आढळला तर मूल पात्र ठरतें. दुसरें दार निदानाचें. ज्या विकारामुळें पुढें विलंब होण्याचा दाट संभव आहे, त्याचें निदान झालें कीं मूल पात्र झालें. डाउन सिंड्रोम हें याचें ठळक उदाहरण होय. अशा मुलास प्रत्यक्ष विलंब दिसेपर्यंत थांबावें लागत नाहीं. तिसरें दार धोक्याचें. ज्यांच्या वाढींत आज विलंब नाहीं, पण मदत न मिळाल्यास तो होण्याचा धोका आहे, अशा मुलांस आंत घ्यावयाचें कीं नाहीं हें प्रत्येक राज्याच्या मर्जीवर सोडलें आहे. आणि मोजक्याच राज्यांनीं तें दार उघडलें आहे.

दुसऱ्या दाराविषयीं आमची तक्रार नाहीं. तेथें व्याख्येचा शब्द आणि मुलाची गरज यांचा मेळ चांगला बसलेला आहे. खरी अडचण पहिल्या दाराशीं आहे. वैद्यास नांव देतां येईल असा कोणताच विकार ज्याला नाहीं, पण जें बसावयाच्या वयांत बसत नाहीं, बोलावयाच्या वयांत बोलत नाहीं, असें मूल याच दाराशीं येतें. त्याचे आईबाप विचारतात, विलंब आहे काय? तपासणारा म्हणतो, आहे. मग तो पात्र ठरण्याइतका आहे काय? येथें कायदा मौन धरतो. प्रत्येक राज्यानें आपापली काटेकोर व्याख्या करावी, एवढेंच तो सांगतो. ज्या शब्दावर सर्व इमारत उभी आहे त्याचा अर्थ सांगण्याचें काम ग्रंथकारानें दुसऱ्यावर सोपवावें, तसा हा प्रकार झाला.

राज्यांनीं अर्थ केले. आणि ते एकमेकांशीं जुळत नाहींत. न्यूयॉर्क राज्याच्या नियमांत एका क्षेत्रांत १२ महिन्यांचा किंवा ३३ टक्के विलंब, अथवा दोन क्षेत्रांत प्रत्येकीं २५ टक्के विलंब, अशी एक रीति आहे. ॲरिझोना राज्यानें ५० टक्क्यांची रेघ धरली. मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यानें धोक्यांतील मुलांसहि जवळ केलें. या भिन्नतेचा परिणाम काय होतो याचा हिशेब ‘पीडिॲट्रिक्स’ या वैद्यकीय मासिकांत २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत मांडलेला आहे. निरनिराळ्या राज्यांच्या व्याख्या लावून पाहिल्या तर तीन वर्षांखालील मुलांपैकीं पात्र ठरण्याजोग्या मुलांचें प्रमाण एका टोकास २ टक्के व दुसऱ्या टोकास ७८ टक्के निघालें. प्रत्यक्षांत ज्यांस साहाय्य मिळत होतें त्यांचें प्रमाण मात्र कोणत्याहि राज्यांत ७ टक्क्यांच्या वर नव्हतें. सीमा ओलांडल्याबरोबर मुलांची वाढ बदलते असें कोणी म्हणणार नाहीं. तेव्हां २ पासून ७८ पर्यंतचें हें अंतर मुलांमधील नसून व्याख्यांमधील आहे. शिवाय २ टक्क्यांची व्याख्या करणारें राज्य निदान आपला हात आखडता आहे हें लपवीत नाहीं. ७८ टक्क्यांची व्याख्या करून मूठभर मुलांनाच मदत पोचविणारें राज्य कागदावर उदार आणि व्यवहारांत कृपण ठरतें.

आतां या रेघा ज्या गणितानें ओढल्या जातात तें गणित थोडें जवळून पाहूं. टक्क्यांची रीति ऐकावयास सोपी आहे. मूल २० महिन्यांचें असून त्याचें बोलणें १५ महिन्यांच्या मुलासारखें असेल तर ५ महिन्यांचा, म्हणजे २५ टक्के विलंब झाला. पण हीच रीति ४ महिन्यांच्या तान्ह्यास लावली तर २५ टक्के म्हणजे अवघा एक महिना. त्या दिवशीं मुलास ताप होता किंवा त्याची झोप झाली नव्हती एवढ्यानेंहि तेवढा फरक पडावा. तीच रीति ३२ महिन्यांच्या मुलास लावली तर २५ टक्के म्हणजे ८ महिने. शिवाय वाढीचे महिने गजावरील इंचांप्रमाणें सारख्या लांबीचे नसतात. पहिल्या वर्षाच्या एका महिन्यांत मूल जेवढें पुढें जातें तेवढें तिसऱ्या वर्षाच्या एका महिन्यांत जाईलच असें नाहीं. असमान महिन्यांची बेरीज-वजाबाकी करून त्यावर टक्के काढणें म्हणजे वेगवेगळ्या मापांचीं धान्यें एका पायलीनें मोजल्यासारखें आहे. अकालीं जन्मलेल्या मुलाच्या बाबतींत तर वय जन्मदिवसापासून धरावयाचें कीं अपेक्षित प्रसूतिदिनापासून, एवढ्यावरच निकाल फिरतो. तीन महिने आधीं जन्मलेलें मूल सहा महिन्यांचें झालें असतां दुसऱ्या हिशेबानें तें तीनच महिन्यांचें असतें.

दुसरी रीति संख्याशास्त्राची. तींत मुलाचे गुण सरासरीपासून किती ‘प्रमाण विचलन’ खालीं आहेत हें पाहतात. ही रीति अधिक शास्त्रशुद्ध आहे, यांत शंका नाहीं. परंतु तिच्या पोटांत एक गोष्ट दडलेली आहे. दोन प्रमाण विचलनांची रेघ घातली कीं एका क्षेत्रापुरतीं शंभरांतील सुमारे २ मुलें तिच्याखालीं पडतात. दीड विचलनाची घातली कीं सुमारे ७ पडतात. म्हणजे मुलें तपासण्यापूर्वींच किती मुलें आंत घ्यावयाचीं हें ठरून गेलेलें असतें. मुलाची परीक्षा होते तिच्या आधीं रांगेची लांबी नक्की झालेली असते. ही रेघ मुलाच्या गरजेविषयीं कांहींच सांगत नाहीं. आपल्याबरोबरच्या मुलांच्या रांगेंत त्याचा क्रमांक कितवा, एवढेंच सांगते.

येथें कोणी म्हणेल कीं, मापें अपुरीं असतील, पण तीं शुद्ध बुद्धीनें वापरलीं जातात. या म्हणण्याची कसोटी कॅलिफोर्निया राज्याच्या इतिहासांत सांपडते. तेथें ही योजना ‘अर्ली स्टार्ट’ या नांवानें, ‘रीजनल सेंटर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या २१ संस्थांमार्फत चालते. २००८ सालच्या मंदीनंतर राज्याच्या तिजोरीस मोठी खोट आली आणि १ ऑक्टोबर २००९ पासून नियम बदलला. ज्या मुलाचें वय २४ महिने किंवा अधिक असेल त्यास पात्र ठरण्यासाठीं एका क्षेत्रांत ५० टक्के, अथवा दोन क्षेत्रांत ३३ टक्के विलंब असला पाहिजे असें ठरलें. धोक्यांतील मुलांचें दारहि त्याच वेळीं मिटलें. पुढें राज्याची स्थिति सुधारली. १ जानेवारी २०१५ पासून एका क्षेत्रांतील ३३ टक्के विलंब पुन्हां पुरेसा मानला जाऊं लागला आणि धोक्याचें दारहि उघडलें. २०२२ सालीं रेघ २५ टक्क्यांवर आली.

याचा अर्थ एका मुलापुरता लावून पाहावा. अडीच वर्षांचें मूल आहे; इतर सर्व बाबतींत तें वयाला साजेसें आहे, पण बोलतें दीड वर्षाच्या मुलाइतकें. त्याचा विलंब ४० टक्के झाला. हें मूल सप्टेंबर २००९ मध्यें आलें असतें तर पात्र ठरलें असतें. तेंच पुढच्या महिन्यांत आलें असतें तर अपात्र. २०१५ मध्यें आलें असतें तर पुन्हां पात्र. दुसरें एक अडीच वर्षांचेंच मूल घ्या; तें २२ महिन्यांच्या मुलाइतकें बोलतें. त्याचा विलंब सुमारे २७ टक्के. हें २०१५ च्या नियमानें दाराबाहेर आणि २०२२ अखेरच्या नियमानें दाराच्या आंत. या सर्व काळांत मुलांच्या जिभा, कान आणि मेंदू होते तसेच राहिले. वर-खालीं झाली ती राज्याची तिजोरी.

आपल्याकडे दान सत्पात्रीं असावें असें म्हणत आले आहेत, आणि सत्पात्र कोण हें घेणाऱ्याच्या गुणांवरून ठरवीत आले आहेत. या अमेरिकन कायद्याचें श्रेष्ठत्व हें कीं, त्यानें गुणाच्या जागीं गरज आणली. जें उणें आहे तेंच पात्र, असें म्हटलें. पण रेघ ओढण्याच्या वेळीं मागच्या दारानें दाता पुन्हां आंत शिरला. दात्याची कुवत किती हें पाहून याचकाची गरज किती हें ठरविलें गेलें, आणि या उलट्या हिशेबास मुलाच्या ‘मूल्यमापना’चें नांव मिळालें. या व्याख्येवर आमचा मुख्य आक्षेप हाच आहे.

या आक्षेपास उत्तर आहे, आणि तें पोकळ नाहीं. पैसा मर्यादित असतो. उपचार करणारीं माणसें त्याहून मर्यादित असतात. दार सताड उघडलें तर रांग लांबते, आणि ज्या मुलाचे हातपाय मेंदूच्या इजेमुळें आंखडलेले आहेत त्याची पाळी, पुढें सहा महिन्यांत आपोआप बोलूं लागणाऱ्या मुलाच्या मागें लागते. उशिरा बोलणाऱ्या मुलांपैकीं पुष्कळशीं शाळेंत जाईपर्यंत बरोबरीच्यांस गांठतात, हेंहि खरें आहे. मुलाच्या नांवावर सरकारी दप्तरांत ‘विलंब’ असा शेरा बसावा याची भीति आईबापांस वाटते, तीहि अवास्तव नाहीं. रेघ कोठें तरी ओढावीच लागणार. ती न ओढणें ही दया नसून गोंधळ होय.

हें सर्व मान्य करूनहि दोन गोष्टी उरतात. पहिली अशी कीं, हे सर्व युक्तिवाद साधनांविषयींचे आहेत, मुलांविषयींचे नाहींत. ‘आमच्यापाशीं एवढेंच द्रव्य आहे, म्हणून आम्ही अमुक मुलांनाच घेऊं शकतों,’ असें विधिमंडळानें उघड सांगितलें तर तें दुःखद असलें तरी प्रामाणिक आहे. लोकांस त्यावर वाद करतां येईल, अधिक द्रव्य मागतां येईल. पण ‘तुमचें मूल पात्र नाहीं’ असें पत्र घरीं आलें म्हणजे त्यांतून आई काय वाचते? आपल्या मुलास कांहीं झालेलें नाहीं, असेंच ती वाचते. तिजोरीची अडचण तिला मुलाच्या प्रकृतीचें अभयपत्र म्हणून मिळते, आणि ती निश्चिंत होऊन थांबते. दुसरी गोष्ट अशी कीं, येथें होणाऱ्या दोन चुकांचें वजन सारखें नाहीं. गरज नसलेलें मूल आंत आलें तर कांहीं महिन्यांचे उपचार वाया जातात. गरज असलेलें मूल बाहेर राहिलें तर जीं वर्षें जातात तीं परत आणतां येत नाहींत. तीस महिन्यांचें मूल दाराशीं आलें, त्याच्या मूल्यमापनास कायद्यानें दिलेले ४५ दिवस लागले, म्हणजे या योजनेचे अवघे साडेचार महिने त्याच्या वांट्यास उरतात. ज्या तराजूचीं दोन पारडीं इतकीं असमान आहेत, त्याचा कांटा मध्यें धरणें हा न्याय नव्हे.

गुणांच्या आंकड्यावर मुलाचें भवितव्य टांगण्यांत किती धोका आहे हें या शास्त्राच्या इतिहासांतील एका जुन्या प्रयोगावरून दिसतें. हॅरोल्ड स्कील्स आणि हॅरोल्ड डाय या दोघांनीं आयोवा राज्यांतील एका अनाथालयासंबंधीं १९३९ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्या अनाथालयांत माणसें थोडीं आणि बाळें फार. बाळें पाळण्यांत पडून असत. त्यांतील तीन वर्षांखालील १३ बाळें, जीं बुद्धीनें मंद म्हणून दत्तक देण्यास अयोग्य मानलीं गेलीं होतीं, तीं त्या काळीं ‘मंदमति’ म्हणविल्या जाणाऱ्या स्त्रियांच्या संस्थेंत ठेवण्यांत आलीं. त्या स्त्रियांनीं व तेथील परिचारिकांनीं या बाळांस खेळविलें, बोलविलें, जीव लावला. आरंभीं या मुलांचा बुद्ध्यंक सरासरीनें ६४ होता. पुढें तो सुमारे २७ अंकांनीं वाढला. तुलनेसाठीं घेतलेलीं १२ मुलें अनाथालयांतच राहिलीं. त्यांचा आरंभींचा बुद्ध्यंक सरासरीनें ८७ च्या घरांत होता. तो सुमारे २६ अंकांनीं घसरला. १९६६ सालीं स्कील्स यांनीं त्या सर्वांचा पुन्हां शोध घेतला. पहिलीं तेराहि मुलें मोठीं होऊन आपल्या पायांवर उभीं होतीं. दुसऱ्या बारांपैकीं एक मरण पावलें होतें आणि चार अजून संस्थांतच होतीं.

या प्रयोगांतील मुलांची संख्या लहान, आणि गटहि चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, असा आक्षेप शास्त्रज्ञांनीं घेतलेला आहे व तो रास्त आहे. तथापि आपल्या प्रश्नापुरता त्यांतून निघणारा बोध दृष्टीआड करतां येत नाहीं. दोन्ही गट पहिल्या दिवशीं आजच्या एखाद्या राज्याच्या पात्रतेच्या दाराशीं आणून उभे करा. दोन प्रमाण विचलनांची रेघ ७० वर पडते. सरासरीनें ६४ अंकांचा गट आंत जाईल. ८७ अंकांचा गट बाहेर राहील. आणि नेमका तोच गट पुढें बुडाला. आंकडा मूल आज कोठें आहे हें सांगत होता. तें कोठें चाललें आहे हें त्यास ठाऊक नव्हतें. तें सांगत होती ती अनाथालयाची खोली. म्हणूनच कायद्यांतील तिसरें दार हें जादा औदार्य नसून व्याख्येचा आवश्यक भाग आहे, आणि राज्यांच्या मर्जीवर सोडलेलें जें दार बहुतेक राज्यांनीं मिटलें तेंच दार या बारा मुलांचें होतें.

टीकाकारानें दोषांबरोबर गुणहि सांगावे. या कायद्याच्या नियमांत एक कलम असें आहे कीं, त्यास आम्ही सबंध मजकुरांतील सर्वोत्कृष्ट वाक्य म्हणूं. मोजमापाच्या साधनांनीं मूल पात्र ठरलें नाहीं, तरी जाणत्या तज्ज्ञाच्या विचारपूर्वक मतावरून त्यास पात्र ठरवितां येतें. मात्र साधनांनीं जें मूल पात्र ठरलें आहे, त्याची पात्रता रद्द करण्यासाठीं तें मत वापरतां येत नाहीं. या वाक्याची रचना पाहावी. माणसाच्या विवेकास त्यानें दार उघडण्याचा अधिकार दिला, मिटण्याचा दिला नाहीं. वर आम्ही ज्या दोन असमान चुकांचा उल्लेख केला त्यांची जाणीव हें वाक्य लिहिणारास पुरती होती. आंकड्याची मर्यादा आणि माणसाचा पूर्वग्रह या दोहोंविषयींचा संशय त्यांत एकत्र आला आहे. दुर्दैव एवढेंच कीं, हें वाक्य वापरावयास तपासणाराजवळ वेळ लागतो आणि धैर्यहि लागतें. आंकडा लिहून मोकळें होण्यास दोहोंचीहि गरज नाहीं.

नियमांतील दुसरें चांगलें कलम भाषेविषयींचें आहे. अगदींच अशक्य नसेल तर मुलाचें मूल्यमापन त्याच्या स्वतःच्या भाषेंत व्हावें असें तें सांगतें. कॅलिफोर्नियांत किंवा न्यू जर्सींत राहणाऱ्या मराठी घरांशीं या कलमाचा थेट संबंध पोचतो. घरांत मराठी आणि पाळणाघरांत इंग्रजी ऐकणाऱ्या मुलाचे फक्त इंग्रजी शब्द मोजले तर तें मागें पडलेलें दिसेल. दोन्ही भाषांतील शब्द एकत्र मोजले तर कदाचित् दिसणार नाहीं. उलट, ‘दोन भाषांमुळें गोंधळलें आहे, बोलेल हळूहळू,’ अशा समजुतीनें खरा विलंब झांकलाहि जातो. स्वावलंबनाच्या क्षेत्राचें तसेंच आहे. दोन वर्षांच्या मुलानें चमचा हातीं धरून खावें ही तेथील अपेक्षा. आपल्या घरांत तीन वर्षांच्या नातवासहि आजी चिऊ-काऊचे घास करून भरवीत असते, आणि त्यांत कोणास उणें वाटत नाहीं. ज्या गोष्टीची संधीच मुलास मिळाली नाहीं ती त्यास येत नाहीं, म्हणून त्याची वाढ खुंटली असा निष्कर्ष काढणें अन्यायाचें होईल. समंजस तपासनीस अशा वेळीं आईस चार प्रश्न विचारतो. छापील तक्ता विचारीत नाहीं.

परक्या मुलांवर बेतलेलीं मापें आपल्या मुलांस जशींच्या तशीं लावूं नयेत, हा विचार आपल्याकडे नवा नाहीं. फ्रान्समध्यें १९०५ सालीं बिने यांनीं, ज्या मुलांस शाळेंत विशेष मदतीची गरज आहे तीं ओळखण्यासाठीं, बुद्धिमापनाच्या कसोट्या रचल्या. व्ही. व्ही. कामत यांनीं त्या कसोट्या मराठी व कानडी मुलांसाठीं बेतून घेतल्या आणि १९४० सालीं त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढें बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयांत प्रमिला फाटक यांनीं १ ते ३० महिन्यांच्या भारतीय बाळांच्या मानसिक व शारीरिक हालचालींच्या वाढीचा अभ्यास करून १९७० सालीं त्यांचीं प्रमाणें सिद्ध केलीं. त्यांवरूनच पुढें सुधारून घेतलेली मापनपद्धति आपल्या रुग्णालयांतून वापरली जाते. आपल्या बाळांस आपल्याच बाळांशीं ताडून पाहावें, हा साधा न्याय या कामांनीं शक्य केला.

२०१३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत विकासविलंबाचा समावेश झाला. अंगणवाडींतील मुलांची वर्षांतून दोन वेळां तपासणी आणि जिल्ह्याच्या ठिकाणीं शीघ्र हस्तक्षेप केंद्र, अशी त्याची आंखणी आहे. येथें आपल्यास एक सावधगिरीची सूचना कराविशी वाटते. २०१६ सालच्या दिव्यांग हक्क कायद्यानें राखीव जागांसारख्या कांहीं सवलतींसाठीं ४० टक्क्यांची रेघ घातली आहे. सवलतींचें वांटप करतांना अशी रेघ लागते हें समजण्याजोगें आहे. पण चाळीस टक्क्यांचें प्रमाणपत्र हाच अपंगत्वाचा पुरावा, अशी समजूत एकदां लोकांत रुजली कीं दीड वर्षाच्या मुलाचे आईबापहि त्या कागदाची वाट पाहत बसतात. उपचाराचें दार त्या रेघेशीं बांधलें जाऊं नये. मुलाची वाढ मागें राहूं नये म्हणून जें करावयाचें, तें ती पुरेशी मागें पडेपर्यंत न करणें यासारखा विपर्यास दुसरा नाहीं.

मग रेघ ओढावी तरी कशी? आमच्या मतें त्यासाठीं तीन गोष्टी पुरेशा आहेत. मुलाची गरज किती हें तज्ज्ञानें सांगावें आणि राज्य त्यांपैकीं किती भागवूं शकतें हें विधिमंडळानें सांगावें. या दोन वाक्यांचें एक वाक्य करूं नये. ज्या मुलास आज नाकारलें त्यास पुन्हां तपासण्याची तारीख त्याच पत्रांत लिहावी, म्हणजे नकार हा निकाल न राहतां प्रतीक्षा होईल. आणि जेथें संशय असेल तेथें त्याचा लाभ मुलास मिळावा. फौजदारी न्यायांत आरोपीस जो मिळतो, तो दोन वर्षांच्या बालकास नाकारण्याचें कारण नाहीं. या तीन गोष्टींनीं तिजोरींत एक पैहि वाढणार नाहीं. पण पैसा नाहीं म्हणून मूल बाहेर राहिलें तर तें पैशाअभावीं राहिलें, हें निदान त्याच्या आईला कळेल; आणि ज्यांच्या हातीं तिजोरीच्या किल्ल्या आहेत त्यांनाहि तें विसरतां येणार नाहीं.